भाषण विसरलेला मुलगा आणि दोन वडील

मुलामुलींनो,

आजचं पान एका पत्रामुळे लिहितेय. पत्र आठवीतल्या एका मुलाचं आहे. त्याचं नाव-गाव सांगणार नाही, कारण पत्राच्या शेवटी त्यानं दोनदा अधोरेखित करून तसं बजावलंय.

झालं असं, की त्याच्या शाळेत एक ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, भाषणाची स्पर्धा होती. हा तिसरीपासून दर वर्षी भाग घेतो. भाषण बाबा लिहून देतात. हा पाठ करतो. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे चढवायचा, तेसुद्धा बाबाच आरशासमोर उभं करून शिकवतात. बाबांचे मित्र घरी आले की याला ‘या आमदारसाहेब’ म्हणतात. बाबा हसतात आणि सांगतात, ‘बघाच तुम्ही, हा पुढे मोठा नेता होणार.’

यंदा हा व्यासपीठावर गेला. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ एवढं झालं, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. फळा पुसावा तसं. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, ते पुढचं वाक्य सांगत होते. याला ते दिसत होतं, पण कळत नव्हतं. शेवटी हा खाली उतरला. घरी जाताना स्कूटरवर बाबा एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. ‘ताई, पुढारी होणारी माणसं लहानपणापासून तशीच असतात का? आणि मला व्हायचं नसेल तर बाबांना कसं सांगू?’

खरं सांगते, मला चटकन उत्तर सुचलं नाही. पण दोन मुलं आठवली. दोघंही पुढे खूप मोठे नेते झाले. दोघांच्याही वडिलांच्या मुलाकडून अपेक्षा होत्या. पण त्या अपेक्षा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या होत्या, की ऐकाच.

पहिला मुलगा इंग्लंडमधला. जन्म ३० नोव्हेंबर १८७४, आणि तोही एका प्रचंड राजवाड्यात. ब्लेनहाइम पॅलेस त्याचं नाव. मुलाचं नाव विन्स्टन. वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हे तिथले गाजलेले राजकारणी. सभागृहात बोलायला उभे राहिले की लोक कान टवकारायचे. १८८६ साली ते अर्थमंत्री झाले, आणि काही महिन्यांतच राजीनामा देऊन बसले. आई अमेरिकन, देखणी, सदा मेजवान्यांत आणि समारंभांत. घरात पैसा, नोकर-चाकर, घोडे, सगळं होतं. फक्त आई-बाबा हाताला लागत नव्हते. विन्स्टनला भरवणारी, निजवणारी, त्याचं रडगाणं ऐकणारी होती ती त्याची दाई, मिसेस एव्हरेस्ट.

आठ वर्षांचा व्हायच्या आतच त्याला वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं. पहिल्याच दिवशी लॅटिनचा धडा. ‘मेज’ हा शब्द सगळ्या विभक्तींत पाठ करायचा. तुम्ही संस्कृतात ‘देव’ चालवता ना, अगदी तसंच. पठ्ठ्यानं पाठ केलं. पण संबोधनाला अडला. ‘हे मेजा!’ असं कुणी कधी म्हणतं का? त्यानं गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, मेजाशी बोलायचं असेल तेव्हा असं म्हणायचं. हा म्हणाला, पण मी मेजाशी बोलतच नाही! झालं. उद्धटपणाबद्दल शिक्षेची धमकी मिळाली. ही गंमत त्यानं स्वतःच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलीय. त्या शाळेत मुलांना वेताच्या छड्या मारत, आणि त्या मारायची पद्धत फार क्रूर होती.

पुढे त्याला ब्रायटनजवळच्या दुसऱ्या, जरा मायाळू शाळेत घातलं. १८८५ साली वडील ब्रायटनला आले होते. शाळा तिथून जवळच. तरी ते मुलाला भेटायला गेले नाहीत. मुलाला ते नंतर कळलं. दहा वर्षांच्या विन्स्टननं पत्र लिहिलं. त्यात राग नाही, आरडाओरडा नाही. तुम्ही का आला नाहीत ते कळत नाही, मला वाईट वाटलं, पण तुम्ही कामात असाल, एवढंच. स्वतःच प्रश्न विचारायचा आणि वडिलांच्या वतीनं उत्तरही स्वतःच देऊन टाकायचं! तुमच्यापैकी काही जणांना ही युक्ती चांगली ठाऊक असेल.

विन्स्टनला शिशाच्या शिपायांचा नाद होता. त्याच्याकडे जवळजवळ दीड हजार शिपाई होते. एके दिवशी काय झालं, प्रत्यक्ष वडील ती फौज बघायला आले. सगळी फौज चढाईच्या तयारीत मांडलेली होती. वीस मिनिटं त्यांनी ती बारकाईनं पाहिली आणि विचारलं, ‘तुला सैन्यात जायला आवडेल का?’ हा लगेच हो म्हणाला. सेनापती व्हायला किती छान वाटेल, असं त्याच्या मनात आलं. वडिलांनी आपल्यातला सेनानी ओळखला, असंच तो कित्येक वर्षं समजत होता. नंतर कळलं, की वडिलांच्या मनात काही वेगळंच होतं. हा वकिली करण्याइतका हुशार नाही, मग जाऊ दे सैन्यात, असा त्यांचा हिशेब होता.

विचार करा हं. एका मुलाचं अख्खं आयुष्य वीस मिनिटांत ठरलं. आणि बापानं जे मनात धरलं ते मुलाला कळलंच नाही. मुलाला जे वाटलं ते बापाला कळलं नाही.

सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा होती. विन्स्टन एकदा नापास झाला. दुसऱ्यांदा नापास झाला. तिसऱ्यांदा, १८९३ साली, पास झाला. केवढा आनंद झाला असेल! पण गुण थोडे कमी पडल्यानं पायदळाऐवजी घोडदळात जागा मिळाली. घोडदळात घोड्यांचा वगैरे खर्च जास्त. वडिलांचं पत्र आलं. त्यात अभिनंदन नव्हतं. तू आळशी आहेस, बेफिकीर आहेस, इतक्या सगळ्या सोयी मिळूनही तुझ्या हातून काही झालं नाही, असाच वागलास तर समाजातला एक वाया गेलेला निकामी माणूस होशील, अशा अर्थाचं ते पत्र होतं. तेव्हा विन्स्टन अठरा वर्षांचा होता.

यानंतर दीड वर्षानं, २४ जानेवारी १८९५ रोजी, लॉर्ड रँडॉल्फ वारले. वय अवघं पंचेचाळीस. विन्स्टन वीस वर्षांचा होता आणि सँडहर्स्टमधून नुकताच चांगल्या क्रमांकानं बाहेर पडला होता. वडिलांच्या बरोबरीनं पार्लमेंटात बसायचं, त्यांच्या बाजूनं लढायचं, हे त्याचं स्वप्न होतं. ते तिथेच संपलं.

आता हा मुलगा आपण जरा बाजूला ठेवू आणि दुसऱ्याकडे वळू. हा आपल्या घरचा.

जन्म १४ एप्रिल १८९१, महूच्या लष्करी छावणीत. आई-वडिलांचं हे चौदावं अपत्य. घरी त्याला भिवा म्हणत. ओळखलंत ना? बरोबर, आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवत. माणूस कबीरपंथी, शिस्तीचा, इंग्रजी आणि गणित पक्कं असलेला. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. आई भीमाबाई भिवाच्या लहानपणीच गेली. अपंग असलेल्या मीराआत्यानं मुलांना सांभाळलं.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचं नाव दाखल झालं. म्हणून तर आता महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतात. पण शाळेत त्याला बाकीच्या मुलांत बसायची मुभा नव्हती. जात अस्पृश्य मानलेली. बसायला घरून तरटाचा तुकडा न्यायचा, तो वेगळा अंथरायचा आणि परत घरी आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलंच राहायचं.

तुम्हांला वाटेल, हा मुलगा पहिल्यापासून पुस्तकात डोकं खुपसून बसणारा असेल. छे हो! अभ्यासात त्याचं फारसं लक्ष नव्हतं. झाडं लावायचा, शेळ्या पाळायचा. साताऱ्याच्या स्टेशनवर हमाली करून पैसेही मिळवून पाहिले. वडिलांनी दुसरं लग्न केलं तेही त्याला मुळीच रुचलं नाही. मग ठरवलं, की मुंबईला पळून जायचं आणि गिरणीत काम धरायचं. भाड्याला पैसे कुठले? आत्याच्या कमरेला पैशांची पिशवी असे. तीन रात्री खटपट केली, जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली आणि उघडून बघतो तो काय, आत फक्त अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? बाबासाहेबांनी पुढे स्वतः सांगितलंय, की त्या रात्रीनंतर त्यांनी ठरवलं, आता जोरात अभ्यास करायचा आणि लवकरात लवकर आपल्या पायावर उभं राहायचं. म्हणजे अभ्यासाची गोडी आधी नव्हतीच. आधी होती ती घरातून सुटण्याची धडपड.

मग कुटुंब मुंबईला आलं. परळला चाळीत एक खोली मिळाली. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, सरपण तिथेच. भिवाच्या उशाशी जातं आणि पायाशी शेळी. घरातले सगळे जागे असताना अभ्यास व्हायचा कसा? यावर रामजींनी तोड काढली. संध्याकाळी भिवानं लवकर झोपायचं. रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे. दोन वाजले की मुलाला उठवायचे आणि त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. दोन माणसं अंग पसरतील एवढी जागाच नव्हती. मग चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात भिवा सकाळपर्यंत वाचायचा.

भिवाला अभ्यासाबाहेरची पुस्तकं लागायची. पेन्शनीत ती कुठली बसायला? तरी रामजी ‘नाही’ म्हणायचे नाहीत. लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन पैसे उसने मागायचे. तिच्याकडे नसले तर दुसरीकडे. तीही पैसे देऊ शकली नाही तर एखादा दागिना द्यायची. तो दागिना सावकाराकडे तारण ठेवायचा, पुस्तक आणायचं, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत करायचा. असं कितीदा तरी झालं.

इथे जरा थांबा. या घरात एकट्या भिवाच्याच शिकण्यासाठी सगळे राबले. थोरला भाऊ आनंदराव याला शाळा सोडून नोकरी धरावी लागली, कारण दोघांच्या फीचे पैसे नव्हते. बहिणींचे दागिने पुस्तकांसाठी गेले. त्या स्वतः शिकल्या असत्या तर काय झाल्या असत्या, हे त्या काळी कुणी विचारलंही नाही. एका मुलावर सगळ्या घराची आशा ठेवली की दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं त्यात जातं. हे आपण विसरायचं नाही.

१९०७ साली भिवा मॅट्रिक झाला. गुण किती पडले सांगू? ७५० पैकी २८२. हो, बरोबर वाचलंत! आज कुणी इतके गुण आणले तर शेजारीपाजारी पेढे मागायला येणार नाहीत. पण तेव्हा त्याच्या समाजातल्या मुलानं मॅट्रिक होणं हीच इतकी मोठी गोष्ट होती, की त्याचा सत्कार झाला. सभेला सी. के. बोले आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढे त्यांच्याच शब्दामुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भिवा एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाला.

आणि मग बापलेकांत वाद झाला. मुलाला बडोद्याच्या नोकरीवर जायचं होतं. वडिलांना ते पसंत नव्हतं. इथे रामजींनी अबोला धरल्याचं किंवा वाट अडवल्याचं दिसत नाही. नापसंती सांगितली, आणि मुलगा जानेवारी १९१३ मध्ये गेला. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ आहेत. तो तडक निघाला. वाटेत सुरतला गाडी थांबली तेव्हा वडिलांसाठी बर्फी घ्यायला खाली उतरला, आणि गाडी सुटली! दुसरी गाडी पकडून पोहोचायला उशीर झाला. रामजींचे डोळे दारालाच लागले होते. मुलगा जवळ आला, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३. मुलगा एकवीस वर्षांचा होता.

बघा कसा योग आहे. एकाचे वडील तो वीस वर्षांचा असताना गेले, दुसऱ्याचे एकविसाव्या वर्षी. आपला मुलगा पुढे कोण झाला, हे दोघांपैकी एकाही बापानं पाहिलं नाही.

रँडॉल्फनी पाहिलं नाही, की विन्स्टन १९०० साली खासदार झाला, १९२४ साली त्यांच्यासारखाच अर्थमंत्री झाला, आणि आईनं जपून ठेवलेला वडिलांचाच झगा त्यानं त्या दिवशी अंगावर घातला. तो १९४० साली पंतप्रधान झाला आणि हिटलरपुढे देश वाकू दिला नाही, हेही नाही. १९५३ चं साहित्याचं नोबेलही नाही. (आपल्या देशाच्या दृष्टीनं चर्चिल यांची दुसरी बाजूही आहे बरं का. भारताच्या स्वातंत्र्याला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातल्या त्यांच्या सरकारच्या वागण्यावर आजही कडक टीका होते. मोठा नेता म्हणजे सगळ्यांचा लाडका नेता नव्हे.)

आणि रामजींनी पाहिलं नाही, की त्याच वर्षी, १९१३ मध्येच, त्यांचा भिवा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन पोहोचला. लंडनहून डी.एस्सी. झाला. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायला. ऑगस्ट १९४७ मध्ये घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला.

दोघंही बाप गेले. पण मुलांच्या मनात ते कसे राहिले, यात सगळा फरक आहे.

बाबासाहेबांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक १९२३ साली लंडनला छापलं गेलं. ते त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दलची कृतज्ञता म्हणून, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय आहे. रुपयावरचं पुस्तक, आणि ते कुणाला? एकेका रुपयासाठी लेकीच्या दारात उभ्या राहिलेल्या बापाला.

आणि चर्चिल? त्यांनीही वडिलांचं दोन खंडांचं चरित्र लिहिलं, १९०६ मध्ये. खूप मेहनतीनं लिहिलं. पण १९४७ साली, सत्तरी ओलांडलेल्या चर्चिलनी एक छोटीशी गोष्ट लिहिली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. गोष्ट अशी. ते वडिलांचं जुनं चित्र नव्यानं रंगवत बसलेत. एकाएकी समोरच्या खुर्चीत वडील येऊन बसतात. जगात काय काय झालं, हे ते मुलाला विचारतात. मुलगा महायुद्धांपासून सगळं सांगतो. फक्त त्यात आपण काय केलं, तेवढं सांगत नाही. वडिलांना वाटतं, हा आपला वर्तमानपत्रांत लिहून गुजराण करतोय. ते म्हणतात, तू राजकारणात का नाही गेलास, कदाचित थोडं नावही कमावलं असतंस! आणि मुलगा खरं ते सांगण्याआधीच वडील दिसेनासे होतात.

मुलांनो, हा माणूस दोन-दोन महायुद्धांत सरकारात बसलेला. सगळं जग त्याला ओळखत होतं. तरी म्हातारपणी तो मनातल्या मनात वडिलांना सांगायला बघत होता, ‘बाबा, मी पास झालो हो!’ आणि तेही जमलं नाही. पुढे तो वारला ती तारीख होती २४ जानेवारी १९६५. वडील गेले तीच तारीख.

आता माझ्या आठवीतल्या मित्रा, तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. पुढारी होणारी माणसं लहानपणापासून तशीच असतात का? नाही रे बाबा. एक दोनदा नापास झाला, दुसरा घरातून पळायला निघाला होता. आणि भाषण विसरण्याचं म्हणशील तर ऐक. १९०४ सालच्या एप्रिलात चर्चिल पार्लमेंटमध्ये बोलत होते. पाऊण तास छान बोलले, आणि एकदम सगळं विसरले. शब्द सुचेना. चाचपडले, आणि खाली बसले. दोन्ही हातांत तोंड लपवलं. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते, आणि खासदार! त्यानंतर ते टिपणं हातात घेतल्याशिवाय सहसा बोलायला उभे राहिले नाहीत. आपले गांधीजीसुद्धा तरुणपणी मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले, पण तोंडातून शब्द फुटेना. पक्षकाराची फी परत करून आले. तेव्हा तू चांगल्या लोकांच्या पंगतीत आहेस!

दुसरा प्रश्न अवघड. बाबांना कसं सांगू?

पहिल्यांदा एक समजून घे. आई-बाबांना मुलांकडून काही वाटतं, यात चूक नाही. रामजींनाही वाटत होतं, आणि खूप वाटत होतं. रात्री दोनला उठवणं काही लाडाचं लक्षण नव्हे. पण रामजींची अपेक्षा मुलासोबत जागायची. तो वाचतोय तर आपण त्याच्या आधी जागं राहायचं, त्याला पुस्तक हवंय तर आपण मागायला जायचं. रँडॉल्फची अपेक्षा दूरून यायची, पाकिटातून. ती फक्त निकाल बघायची. तुझे बाबा भाषण लिहून देतात, आरशासमोर उभे राहतात, पहिल्या रांगेत बसून ओठ हलवतात. ते रामजींच्या बाजूचे आहेत रे. फक्त त्या दोन दिवसांपुरते ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

म्हणून एक कर. दहा वर्षांचा विन्स्टन जे करायचा ते करू नकोस. प्रश्न मनात विचारून बाबांचं उत्तर आपणच देऊन टाकू नकोस. ‘बाबा, तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत, त्याचं मला भाषण विसरल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.’ एवढं एकच वाक्य म्हण. हे पाठ करायला लागणार नाही. मग पुढच्या वेळी भाषण तू स्वतः लिही. मोडकंतोडकं लिही, पण तुझं लिही. आपलं आपण लिहिलेलं माणूस सहजी विसरत नाही. आणि ते करूनही व्यासपीठ नको वाटलं तर तसं सांग. तुला काय आवडतं, तेही सांग. पत्रात तू सगळं लिहिलंस, पण ते लिहायचं राहिलं बघ!

आता आई-बाबांसाठी चार ओळी. (मुलांनो, पान त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही पाणी पिऊन या.)

आई-बाबांनो, तुमचं मूल कोण होणार हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. रामजींना घटना ठाऊक नव्हती. रँडॉल्फना तर आपला मुलगा वकीलसुद्धा होणार नाही असं वाटत होतं. निकालाच्या दिवशी किंवा बक्षीस हुकल्याच्या दिवशी आपण काय बोलतो, ते मूल साठ वर्षं सांभाळून ठेवू शकतं. मुलानं ऐकलं नाही तरी त्याची वाट बघणारे आणि पाठीवरून हात फिरवणारे रामजी आपल्याला जमतात का, एवढं बघू या. आणि घरात दोन मुलं असतील, त्यातली एक मुलगी असेल, तर पुस्तकं दोघांची आणा. कुणाचाही दागिना दुसऱ्याच्या पुस्तकासाठी जायला नको.

झालं? आलात पाणी पिऊन?

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. आज रात्री जेवताना बाबांना किंवा आईला विचारा, ‘तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा आजोबांना तुम्ही कोण व्हावं असं वाटायचं? आणि तुम्हांला काय वाटायचं?’ मध्ये न बोलता ऐका. मग जे ऐकलं ते मला अर्ध्या पानात लिहून पाठवा.

आणि आठवीतल्या मित्रा, तुझ्या पुढच्या पत्राची मी वाट बघतेय. बाबांनाही त्यात दोन ओळी लिहायला सांग. त्यांचं अक्षर चांगलं असणार, इतकी भाषणं लिहिलीत त्यांनी!

तुमची,
ताई